चार वाजताची हजेरी

ही गोष्ट तुम्हाला पटावी असा माझा हट्ट नाही. पटली नाही तर बरंच, तुमची झोप तरी शाबूत राहील. पण घडलं ते असंच घडलं, आणि शेवटाला मी स्वतः त्या खोलीत होतो.

यात अंधारी रात्र नाही. पिंपळ नाही. सुनसान घाटही नाही.

भर दुपारचे चार वाजले होते. गुरुवार, ३ एप्रिल २०२५. गाव शिरपूर, जिल्हा धुळे. तिथलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय. नाव लिहीत नाही... लोक अजून तिथे पेपर वाचायला जातात. त्यांना कशाला घाबरवा.

तिथली ग्रंथपाल दिपमाला माझी सख्खी आतेबहीण. वय त्रेचाळीस. लग्नाचं बघू बघू करत राहूनच गेलं. घरात ती आणि तिची माय, म्हणजे माझी यशोदा आत्या. दोघीच. आत्याला अक्षरओळख नव्हती आणि लेक पुस्तकांच्या कपाटांची मालकीण. याचा आत्याला इतका ताठा, की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ती मध्येच सांगायची, "मनी अंडेर वाचनालयमा शे."

अंडेर म्हणजे लेक. आमच्या खान्देशात असंच म्हणतात.

आत्यासाठीच दिपमालाने सहा वर्षांपूर्वी गुरुवारचा कार्यक्रम सुरू केला. ज्यांना वाचता येत नाही, किंवा ज्यांच्या डोळ्यांनी दगा दिलाय, अशा म्हाताऱ्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. चार ते पाच. मागच्या खोलीत अठरा लोखंडी घडीच्या खुर्च्या. आधी हजेरी, मग वाचन, मग कोरा चहा. उठताना प्रत्येकाने पुढचं पुस्तक कसं हवं ते सांगायचं, आणि दिपमालाने ते शिफारस वहीत लिहून घ्यायचं.

सुकदेवनानांना शिकारीची गोष्ट हवी असायची. पुष्पाबाईंना अशी, जिच्यात सासू मरते. जीवराम आबांना नर्मदा परिक्रमेचं वर्णन. नासीरचाचा जुने टेलर. मोतीबिंदूने त्यांचं मशीन सुटलं होतं. ते म्हणायचे, "कुछ भी पढ बेटी, बस आवाज ऊंची रख."

हजेरी शाळेसारखी, नाव पुकारून व्हायची. शाळेत कधी न बसलेल्या माणसांना त्याची भारी मौज वाटायची. पण 'हजर' म्हणायला कुणाची जीभ वळत नसे. नाव आलं की उत्तर यायचं, "शे."

म्हणजे, आहे.

दिपमालाची एक खोड होती. पाच वाजत आले की ती मुद्दाम गोष्टीच्या ऐन भरात थांबायची. दाराची कडी वाजते, कुणीतरी दार उघडतं... आणि ही पुस्तक मिटायची. "बाकीचं पुढच्या गुरुवारी!" म्हातारे तिला मनसोक्त शिव्या घालायचे. ती हसायची. पुढच्या गुरुवारी पावणेचारलाच सगळे दारात उभे.

ती स्वतःही पुढचं पान आधी वाचायची नाही. त्यांच्याबरोबरच आपल्याला कळलं पाहिजे, असा तिचा नेम होता.

तीन वर्षांपूर्वी तिने ते लाल पुस्तक काढलं. नऊशे पानांचं. वरचा पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गळालेलं. जत्रेत हरवलेल्या सहा वर्षांच्या एका पोरीची गोष्ट. तिची आई तिला गावोगाव शोधत फिरते. दर वेळी मागचं पुन्हा सांगावं लागे, त्यामुळे एका गुरुवारी जेमतेम सात-आठ पानं व्हायची.

म्हातारे त्या गोष्टीने खुळावले. चहा पिताना भांडायचे. पोर सापडेल. नाही सापडणार. फक्त जीवराम आबा रुसून बसले, कारण त्यांचं परिक्रमेचं पुस्तक अर्ध्यात ठेवून बहुमताने हे सुरू झालं होतं. पण रुसूनही ते यायचे मात्र दर गुरुवारी.

मग एकेक जण जायला लागला.

आधी पुष्पाबाई. मग सुकदेवनाना. मग जीवराम आबा, रुसलेलेच. तीन वर्षांत अठरातले अकरा गेले. पुस्तक काही संपलं नव्हतं.

हजेरीपटातली नावं मात्र कुणी खोडली नाहीत.

अनुदानासाठी वाचनालयाचा सरकारी वर्ग टिकवायचा तर उपक्रम चालू दिसले पाहिजेत. सचिव ललितभाऊंनी सांगूनच ठेवलं होतं, "ताई, आकडा अठराच्या खाली यायला नको." दिपमाला गेलेल्यांच्या नावापुढेही 'ह' लिहायची. त्यांच्या नावाने शिफारस वहीसुद्धा भरायची. तेच ते. शिकार, सासू, नर्मदा. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. नाव लिहिताना माणूस आठवतं, असं ती मला एकदा म्हणाली होती.

२७ मार्चला तपासणी लागली. गुरुवारीच. साहेब कार्यक्रम डोळ्यांनी बघणार होते.

ललितभाऊंनी अकरा माणसं गोळा केली. बचत गटाच्या सहा बायका आणि कापसाच्या जिनिंगमधले पाच गडी. प्रत्येकाला एकेका गेलेल्या माणसाची खुर्ची आणि नाव वाटून दिलं. नाव पुकारलं की "शे" म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम.

आत्या नेहमीसारखी पहिल्या खुर्चीवर होती. तिच्या शेजारी, पुष्पाबाईंच्या जागी, तिशीतली एक बाई पदर सावरत बसली होती.

"पुष्पाबाई?"

"शे," ती बाई म्हणाली.

साहेब समाधानाने गेले. ललितभाऊंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

घरी जाताना आत्या लेकीला एवढंच म्हणाली, "मरेल मानूसले नाव लई हाक मारानी नही, दिपा. त्याले वाटस, आपलेच बलाई राहिनात."

मेलेल्याला वाटतं, आपल्यालाच बोलावतायत. दिपमालाने ते हसण्यावारी नेलं.

आता तो ३ एप्रिल.

उन्हाने रस्ते ओस पडले होते. मागच्या खोलीत कुलर घरघरत होता. आलेले सातजण. आत्या, नासीरचाचा, सुंदरबाई आणि आणखी चौघं. अकरा खुर्च्या रिकाम्या. दिपमाला त्या तरीही मांडायची. अठराची ओळ मोडलेली तिला बघवत नसे.

एरवी ती या सातांचीच नावं पुकारायची. त्या दिवशी तपासणीची सवय जिभेवर राहिली, की उन्हाने डोकं चालेना, कोण जाणे. तिने पट उघडला आणि वरून वाचायला लागली.

"पुष्पाबाई?"

नाव तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली.

त्याच क्षणी वीज गेली. कुलर थांबला. खोली एकदम गप्प झाली...

आणि आत्याच्या शेजारची खुर्ची कचकन वाजली.

लोखंडी खुर्ची कुणी बसलं की वाजते. तशीच.

"शे..."

आवाज बारीक होता. दमलेला. पण 'शे' असा ओढून म्हणायची पुष्पाबाईंची तऱ्हा दिपमालाच्या चांगली ओळखीची होती.

सुंदरबाईंच्या हातातला विंझणा थांबला. कुणी कुणाकडे बघेना. नासीरचाचांना दिसत नव्हतं, म्हणून तेच एकटे सहज बोलून गेले, "आगे बढ ना बेटी. सुकदेव भी आ गया लगता है."

दुसरी खुर्ची वाजली.

मग तिसरी...

दिपमालाने पुढचं एकही नाव घेतलं नव्हतं.

सुकदेवनाना बसायचे तिथून खाकरल्याचा आवाज आला. मागच्या ओळीत बांगड्या किणकिणल्या. काठी टेकल्याचा ठक असा आवाज झाला... आणि मग सगळं शांत. गोष्ट सुरू व्हायच्या आधी माणसं गप्प होतात, तशी ती शांतता होती.

"बठ्ठा उनात," आत्या म्हणाली. सगळे आले. तिच्या आवाजात भीती नव्हती, कीव होती.

तू पळून का गेली नाहीस, असं मी दिपमालाला नंतर विचारलं. ती म्हणाली, "कशी पळू? सगळे वाट बघत होते रे."

तिने वाचलं. पुस्तक टेबलावर ठेवून, ओळीखाली बोट धरून. पाचला तिने पुस्तक मिटलं. सातजण उठले आणि निघाले. अकरा खुर्च्या मात्र वाजल्या नाहीत.

कुणी उठलंच नव्हतं.

तिने तसंच कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तेव्हा खुर्च्यांच्या ओळी मोडल्या होत्या. सगळ्या खुर्च्या तिच्या टेबलाजवळ सरकून आल्या होत्या. ऐकू येत नसलं की म्हातारी माणसं पुढे सरकून बसतात, तशा.

सुंदरबाई आणि ते चौघं पुन्हा फिरकले नाहीत. उरले आत्या आणि नासीरचाचा.

दिपमालाने तांबडी शाई घेतली आणि अकराही नावं खोडली. ललितभाऊ रागावले. तिने ऐकलं नाही. पुढचा गुरुवार तिने वाचनालयच बंद ठेवलं. १७ एप्रिलला ती हजेरीपट कपाटात टाकून नुसती पुस्तक घेऊन बसली. नाव कुणाचंच पुकारायचं नाही, असं ठरवूनच.

चार वाजले...

"शे."

"शे."

"शे."

एकामागून एक. न बोलावता.

दिपमाला टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. तेव्हा आत्या उठून तिच्याजवळ गेली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको. जीवरामले त्यानं नर्मदानं पुस्तक पुरं वाची दाखाड. तो रुसेल शे. मंग जाई तो."

तीन दुपारी दिपमाला ते पुस्तक घेऊन बसली. मायलेकी दोघीच खोलीत. रविवारी शेवटची ओळ संपली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मागच्या ओळीतली एक खुर्ची वाजली, आणि काठीचा आवाज दाराकडे गेला...

ठक. ठक. ठक.

दार हललं नाही. आवाज बाहेर पडला आणि मिटला.

पुढच्या गुरुवारी दहाच "शे" आले. जीवराम आबांच्या जागेवर काही नव्हतं. दिपमाला मुद्दाम त्या खुर्चीवर बसून आली. ती नुसती खुर्ची होती.

"देखा?" नासीरचाचा म्हणाले. "आदमी कहानी में अटका है. लाल किताब पूरी कर दे. सब अपने अपने घर जाएंगे."

आता वाट स्पष्ट होती. लाल पुस्तकाची पस्तीसेक पानं उरली होती. ८ मेच्या गुरुवारी दिपमालाने मागचं सांगण्यात वेळ घालवला नाही, ती भराभर वाचत सुटली. गोष्टीतली आई एका गावात येते. तिथल्या एका घरात, त्याच वयाची, कपाळावर तसाच व्रण असलेली पोर आहे असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. ती दाराशी येते. पोरीचं नाव घेऊन हाक मारते. आतून पावलं वाजतात...

घड्याळात पाच झाले होते.

दिपमालाने पुस्तक मिटलं. "बाकीचं पुढच्या गुरुवारी."

समोर दहा मेलेली आणि दोन जिवंत माणसं बसली होती, तरी तिची खोड गेली नाही. जिभेवर सहा वर्षांत बसलेली ती सवय. शब्द तोंडातून गेल्यावर तिलाही कळलं की आज थांबायचं नव्हतं. पण मग तिने विचार केला, एका आठवड्याने काय बिघडतं.

"चौदा पानं उरली होती रे प्रेमराज," ती मला अजून सांगते. "अर्धा तास लागला असता."

मंगळवारी, १३ मेला, आत्याच्या छातीत कळ आली. गाडी करून धुळ्याला नेलं. मी जळगावहून निघालो, पण पोचायला उशीर झाला. तिथे जे झालं ते दिपमालानेच मला सांगितलं.

दुपारी तीनला आत्या शुद्धीवर आली. पाणी मागितलं नाही. माझं नाव काढलं नाही. डोळे लेकीवर लावले आणि विचारलं, "पोर सापडनी का?"

दिपमालाला खरंच ठाऊक नव्हतं. पुस्तक शिरपूरला होतं. पण 'हो' म्हणता आलं असतं. 'सापडली माय, आईच्या गळ्यात पडली' एवढं खोटं बोलायला काय लागत होतं?

तिने मायचा हात हातात घेतला, हसली आणि म्हणाली, "गुरुवारी वाचू ना माय. तू आधी बरी हो."

पुढचं ऐकायची ओढ लावली की माणूस थांबतं, असं तिला वाटलं. सहा वर्षं थांबतच आली होती ना माणसं. आत्याने तोंड फिरवलं. रुसली होती की थकली होती, ते दिपमालाला आजही सांगता येत नाही.

बुधवारी पहाटे आत्या गेली.

तेरावं झाल्यावर मी दिपमालाला म्हटलं, नोकरी सोड, जळगावला चल. आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. ती म्हणाली, "एक गुरुवार होऊ दे. मग सांगते."

२९ मे. चार वाजले. जिवंत माणूस म्हणावं तर खोलीत एकटे नासीरचाचा. दिपमालाने कपाटातून हजेरीपट काढला. दीड महिन्याने.

"यशोदाबाई?"

काही नाही. कुलरची घरघर तेवढी.

"यशोदाबाई?"

काही नाही... ती ओठ चावत उभी राहिली. मग पट खाली ठेवला आणि हलकेच म्हणाली, "माय?"

पहिली खुर्ची वाजली.

"शे, दिपा."

त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. मेलेली माणसं येतात याची मला तोवर तितकीशी भीती वाटली नव्हती, कारण मला ते खरंच वाटत नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या आवाजात जो आनंद होता, त्याची वाटली.

"माय आली रे प्रेमराज! माय आली!"

"पुस्तक संपवलंस का?" मी विचारलं.

ती मायबद्दलच बोलत राहिली.

"दिपाताई, पुस्तक संपवलंस का?"

"अर्धं पान वाचलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला सगळं कळलं. शेवटचं पान वाचून झालं की दहाजण आपापल्या वाटेने जाणार. आणि त्यांच्याबरोबर आत्याही.

पुढच्या गुरुवारी तिने चार ओळी वाचल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन. नासीरचाचांनी तिच्यापुढे हात जोडले. "बेटी, ये जुलुम है. जाने दे इनको." ती त्यांना म्हणाली, "चाचा, तुम्हाला मुलं आहेत, सुना आहेत. मला कोण आहे?" चाचा उठून गेले. त्यांनी येणं बंद केलं.

१९ जूनला मी मिलमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकून चोपड्यावरून शिरपूरला गेलो. मनाशी ठरवून. पुस्तक तिच्या हातातून हिसकावायचं, शेवट मोठ्याने वाचायचा, आणि तिला हाताला धरून घरी आणायची.

पावणेचारला पोचलो. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या खुर्च्या टेबलाला चिकटून गोल झाल्या होत्या. मधोमध दिपमाला. हाडं वर आलेली, पण साडी धुतलेली, केस नीट विंचरलेले.

"ये. सरकून ये," ती म्हणाली. "नानांच्या पायावर पडशील."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला तिची दयाच आली. वाटलं, हिचं डोकं फिरलंय, बाकी काही नाही.

मग चार वाजले.

"शे..."

माझ्या गुडघ्याजवळून.

"शे..."

डाव्या हाताला.

सगळीकडून आवाज येत होते. बाईचा कुठला, पुरुषाचा कुठला, ते कळत नव्हतं. दहा आवाज, सगळे सारखेच थकलेले. मी जागेवरून हललो नाही, कारण हलणं मला जमलंच नाही. आणि मग पहिल्या खुर्चीवरून तो आवाज आला. तो मात्र मी झोपेतही ओळखला असता.

आत्या.

दिपमालाने पुस्तक उघडलं आणि एकच ओळ वाचली. "आईने दाराला हात लावला." पुस्तक मिटलं. मागच्या गुरुवारच्या दोन ओळींतलीच ही एक होती, हे मला नंतर समजलं.

खुर्च्या अस्वस्थ करकरल्या.

"दिपा..." आत्या म्हणाली. "मी थकी गयू बेटा. पाय दुखतस. सांग ना... पोर सापडनी का?"

दिपमालाने रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आजारी माणसाला समजावतात तसं म्हणाली, "सांगते ना माय. घाई कसली आहे?"

आणि ती चहा आणायला बाहेर गेली. ट्रेमध्ये अकरा कप मांडलेले मी बघितले.

पुस्तक टेबलावरच होतं.

मला तेवढीच संधी होती. खुर्च्यांमधून अंग चोरत मी टेबलापाशी गेलो. हाताला, पाठीला काहीतरी गार लागत होतं. मी थेट शेवटचं पान उघडलं. अर्धंच पान होतं. वरपासून खालपर्यंत माझी नजर फिरली. पोरीचं काय होतं ते मला कळलं.

आता फक्त मोठ्याने वाचायचं होतं.

खुर्च्या एकदम करकरल्या... सगळ्या. बसलेली माणसं पुढे वाकतात तशा. माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. दहाजण आणि आत्या, माझ्या तोंडाकडे बघत होते. मला दिसत नव्हते, पण बघत होते.

मी तोंड उघडलं.

आणि अगदी कानाशी आत्या म्हणाली, "प्रेमा... जेवना का रे?"

माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. त्यानंतर हे वाक्य मला एकाच माणसाने विचारलं. शाळेतून आलो की, परीक्षेत नापास झालो तेव्हा, लग्नाच्या मांडवातसुद्धा. मला तिच्या शेवटच्या वेळी पोचता आलं नव्हतं. शेवटचं 'जेवलो' म्हणणंही राहून गेलं होतं.

"जेवलो आत्या," मी म्हटलं.

आणि पुस्तक मिटलं.

दिपमाला ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. तिने परत जाऊन बारावा कप आणला, माझ्यासाठी.

तेव्हापासून मी दर गुरुवारी शिरपूरला जातो. मिलमध्ये माझी अर्धी रजा आता कुणी विचारतही नाही. बायकोला वाटतं, ताई आजारी आहे. शेवटच्या पानावर काय आहे ते दिपाताईने मला विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही. मला कळतं, आम्ही करतोय ते पाप आहे. अर्ध्या पानाचं काम आहे. दर गुरुवारी बसमधून उतरताना मी ठरवतो, आज वाचायचं.

मागचे तीन गुरुवार आत्याने मला जेवलास का म्हणून विचारलेलं नाही.

मी हाक मारली, ताईने मारली. पहिल्या खुर्चीवरून 'शे' येतो, पण तो बाकीच्या दहांसारखाच. तसाच थकलेला. मग सगळे मिळून तो एकच प्रश्न विचारत राहतात, पाच वाजेपर्यंत. त्यातली आत्या कुठली, हे आता आम्हा दोघांनाही ओळखू येत नाही.

तरी आम्ही वाचत नाही.